मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर आत राहिलाच असं नाही

ताई, प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तुमच्या बाबांच्या रिपोर्टात ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे गुण) ३+४, पीटी३ए (तो किती पसरलाय ती पायरी) आणि 'मार्जिन पॉझिटिव्ह' आलंय, तर लगेच रेडिएशन घ्यायचं का, असं विचारलंत. आमच्या अण्णांचा रिपोर्ट जवळजवळ असाच होता. गुहागरच्या घरी पडवीत बसून आम्ही तिघांनी तो वाचला आणि 'पॉझिटिव्ह' शब्दाशीच अडकलो. त्या रात्री कुणी जेवलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काढलेल्या प्रोस्टेटला पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावतात. कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकलेल्या दिसल्या की मार्जिन पॉझिटिव्ह. पुन्हा उद्भवण्याचा धोका त्याने वाढतो, पण शरीरात काही उरलंच आहे असं नव्हे. किती मिलिमीटर आणि त्या जागी ग्लीसन किती, हे डॉक्टरांना नक्की विचारा. पीटी३ए म्हणजे पेशी ग्रंथीबाहेर गेल्यात, पण वीर्यकोशात नाहीत. आणि ३+४ हे ४+३ पेक्षा बरं, बेरीज दोन्हीची ७ असली तरी, कारण पहिला आकडा जास्त प्रमाणात दिसलेल्या प्रकाराचा असतो.

आता सगळी भिस्त पीएसएवर, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाच्या रक्ततपासणीवर. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवड्यांनी करा, तो ०.१ एनजी/एमएलच्या खाली हवा. तसा आला तर बहुतेकदा दर काही महिन्यांनी तपासत थांबता येतं, आणि वाढू लागला की वेळ न घालवता रेडिएशन. २०२० मध्ये निकाल आलेल्या रॅडिकल्स या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर सरसकट लगेच रेडिएशन दिल्याने जास्त फायदा दिसला नाही, लघवीचे त्रास मात्र वाढले.

तपासणी दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. मुंबईला दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता कागद नको, स्लाइड्स आणि ब्लॉकही (काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या. आम्ही ते विसरलो, आणि अण्णांना घेऊन दुसरी खेप पडली.