कुडाळहून गोव्यात क्राफ्ट बिअर प्यायला जायचंय. एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

बागायतदार_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमची चौघांची टोळी आहे. मी (आंबा-काजूची बाग, त्याआधी पुण्यात नोकरी), एक बँकेतला, एक मेडिकलवाला आणि चौथे आमचे गुरुजी (शाळेतले). गुरुजी स्वतः थेंबही घेत नाहीत, पण आमच्यात बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पुण्यात २००९ साली जागेवरच बिअर बनवणारी डूलाली सुरू झाली तेव्हा मी तिथेच होतो. समोरच्या टाकीतून थेट ग्लासात आलेली गव्हाची बिअर तिथे पहिल्यांदा प्यायलो आणि तेव्हापासून बाटलीतली नुसती तहान भागवायला उरली. आता गावी परत आलोय. इथल्या बिअर शॉपीच्या फ्रीजमध्ये काय असतं ते तुम्हाला सांगायला नको: स्ट्राँग, त्याच्या शेजारी दुसरी स्ट्राँग, आणि खालच्या फळीवर सोडा. परमिट रूममध्ये जाऊन "एल आहे का" (एल ही बिअरचीच एक जात) विचारलं तर वेटर पाण्याची बाटली आणून ठेवतो.

तर बेत असा की एक दिवस पलीकडे जायचं. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी नावाची आयपीए (कडवट एल) बँकवाल्याने कुठेतरी प्यायली आहे आणि तो तिच्याबद्दल बायकोपेक्षा जास्त बोलतो. मेडिकलवाल्याचं म्हणणं, एवढं पेट्रोल जाळतोय तर पाच ठिकाणं झालीच पाहिजेत. मला ते पटत नाही, पण त्याला गप्प करायला माझ्याकडे मुद्दा नाही. गाडी न्यावी की आगगाडी? परत येताना घरी दोन-चार कॅन आणता येतात का? आणि गुरुजींनी तिथे दिवसभर करायचं काय?

इन्सुलीकर

दोन. तिसरं ठिकाण हवंच असेल तर ते जेवणाचं ठेवा.

मेडिकलवाल्यांना मिलीमध्ये सांगा, त्यांना तीच भाषा कळेल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग धरा, त्यात निव्वळ अल्कोहोल साधारण २६ मिली. साडेसात टक्क्यांच्या आयपीएचा ३३० मिलीचा ग्लास धरा, त्यात जवळजवळ २५ मिली. म्हणजे "बिअरच तर आहे" म्हणत चार ग्लास रिचवणारा चार लार्ज मारून उठतो आणि वर म्हणतो, उन्हाने गरगरलं. पाच ठिकाणं केलीत तर तिसऱ्यापासून पुढे काय प्यायलात ते बिल बघून कळेल.

जिथे जाल तिथे आधी सॅम्पलर मागा. चार-सहा छोटे ग्लास एका लाकडी पाटीवर लावून देतात. तुम्ही तिघे पिणारे, तिघांत एक पाटी पुरते. घोट घोट घ्या, भांडा, आणि जी आवडेल तिचाच मोठा ग्लास मागवा. क्रम मात्र रंगावर ठरवू नका. काळी स्टाउट चार-साडेचार टक्क्यांची आणि मवाळ असू शकते, आणि सोनेरी दिसणारी डबल आयपीए जीभ सोलून काढते. हलक्यापासून जडाकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे. कडू आधी घेतलीत तर मागून येणारी गव्हाची पाण्यासारखी लागेल.

आता ताजेपणा. माझ्या मेहुण्याची पेडण्याला काजूची भट्टी आहे. हुर्राक जशी मोसमात, काढल्यावर लगेच प्यायची चीज आहे, पावसाळ्यानंतर कुणी "जपून ठेवलीय" म्हणाला तर आपण हसतो, तसंच टॅपवरच्या बिअरचं. ती बहुधा पाश्चराइज केलेली नसते. एल तयार व्हायला दोन-तीन आठवडे, लागरला (आपली नेहमीची बाटलीतली बहुधा हीच) त्याहून बरेच जास्त, आणि केग (बिअरचं पिंप) एकदा लागला की तो लवकर संपण्यातच मजा. म्हणून "तुमची सगळ्यात चांगली कुठली" असं विचारू नका, सगळ्याच चांगल्या असल्याचं सांगतील. विचारा, "आत्ता सगळ्यात नवीन केग कुठला लावलाय?" काउंटरवरच्या माणसाला उत्तर माहीत असेल तर बसा. तो मेन्यूकार्ड पुढे सरकवत असेल तर एक छोटा ग्लास घ्या आणि उठा.

ग्लासही बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तो नीट धुतलेला नाही, बदलून मागा. बिअरला लोण्याचा वास आला तर ती नीट पिकायच्या आधी काढलेली असते किंवा टॅपची नळी घाण असते. व्हिनेगरचा आला, आणि बिअर आंबट प्रकारातली नसली, तर बहुधा नळीच. मला एका ठिकाणी हा वास दाखवल्यावर "सर, ये स्टाइल है" असं ऐकवलं गेलं. नाव सांगत नाही.

घरी आणायचं म्हणाल तर नाव काढू नका. मी इन्सुलीच्या तपासणी नाक्याजवळ राहतो. "गोवा बनावटीची दारू जप्त" ही बातमी नाही असा आठवडा आमच्याकडे जात नाही. लोक दुधाच्या टेम्पोत काय आणि फर्निचरखाली काय लपवतात, आणि ते उघडताना बघायला आम्ही पोरं जमायचो. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बिअरही त्यातच आली. दोन कॅनपायी गाडी अडकवून घेण्यात काही शहाणपण नाही. जे प्यायचं ते तिथेच प्या.

सुशेगाद_बांदेकार

मेल्यानू, बिअर पिऊक जातास की परीक्षेक बसूक? क्रम काय, वास काय, नळी काय! बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीक पयल्या बारात बसा, थंडगार बाटली उघडा, बांगडो मागवा नि काळोख पडायच्या आत घराक येवा.

मिठबावची_सून

वरच्या दादांचा बांगडा तेवढा मान्य.

मी आणि नवरा दोघेही या नादातले. मुंबईत असताना शनिवारी आमचं आठ-दहा जणांचं टोळकं जमायचं, त्यात आम्ही तीन बायका. एक अनुभव सांगते: बाई सोबत असली की वेटर फळांची गोड बिअर तिच्यासमोर आणि स्टाउट तिच्या नवऱ्यासमोर ठेवतो. आमच्याकडे बरोबर उलटं असतं. आम्ही काही बोलत नाही, गुपचूप ग्लास बदलतो आणि त्याचा चेहरा बघतो.

तुम्ही खाण्याबद्दल काहीच विचारलं नाहीत, कोकणातले असून! तिखट कालवण आणि कडू आयपीए एकत्र मागवू नका. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडवटपणा, अल्कोहोल आणि फेस तिघे मिळून मिरचीला आणखी भडकवतात. तिखटाबरोबर अंबर एल किंवा माल्टकडे (मोड आणून वाळवलेले जव) झुकणारी कुठलीही थोडी गोडसर बिअर घ्या. तिसऱ्या (शिंपल्या) सुक्या केल्या असतील तर बेल्जियन विटबिअर, कारण तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, ओल्या खोबऱ्याशी छान जमतं. तळलेले मुडदुशे असतील तर साधी लागर. त्या खुसखुशीत माशाला दुसरं काही नको. आणि कालवं (ऑयस्टर) मिळाली तर मुकाट्याने स्टाउट. आयर्लंडमध्ये हे जुनं जोडपं आहे, आपल्याकडे कालवं देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत काढतात पण स्टाउट नाही, हीच रड.

बिअर समोर आल्या आल्या प्यायची घाई नको. आपल्या उकाड्यामुळे सगळीकडे बर्फासारखी गार देतात आणि जीभ बधिर होते. लागर गारच ठीक, पण स्टाउट दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. कॉफीचा, भाजक्या जवाचा वास मग वर येतो.

गुरुजींना मी तुमच्या टोळीचं नाक करेन. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. त्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नाही. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. वासाला अल्कोहोल लागत नाही, त्यामुळे गुरुजींना प्रत्येक ग्लास आधी हुंगू द्या आणि त्यांनी काय सांगितलं ते लिहून ठेवा. न पिणाऱ्याचं नाक शेवटपर्यंत शाबूत राहतं. ब्रूअर (बिअर बनवणारा) भेटला तर त्याच्याकडून माल्टचे दाणे मागून घ्या: फिका, कॅरॅमल, काळा भाजलेला. चावून बघायला मस्त लागतात आणि त्यात नशेचं काही नाही. शाळेत मुलांनाही दाखवता येतील, अर्थात कशाचे दाणे ते मुख्याध्यापकांना सांगू नका.

बागायतदार_कुडाळ

वाचून दाखवलं. गुरुजी नाकाच्या नेमणुकीवर बेहद्द खूश आहेत, वही आणणार म्हणतात. मेडिकलवाल्याने मिलीचा हिशोब स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितला आणि आता तीन ठिकाणांवर आलाय. अजून ओढतोय.

गाडीचं मात्र तसंच राहिलं. गुरुजी चालवतील असं बँकवाला गृहीत धरून चाललाय, पण त्यांना रात्री हायवेवर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो.

इन्सुलीकर

मग गाडी नकोच. त्या माणसाला दिवसभर नाक म्हणून वापरायचं आणि रात्री ड्रायव्हर म्हणून, हे बरं नाही. आणि "मी एकच घेतली" म्हणून तुमच्यापैकी कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती मोठ्या ग्लासाने सहज ओलांडली जाऊ शकते. २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सकाळी कुडाळला कोकणकन्या पकडा, थिवीला उतरा, तिथून म्हापसामार्गे टॅक्सीने सांगोल्डा. संध्याकाळी मडगावहून मुंबईला निघणारी कोकणकन्या थिवीलाच मिळते. वेळ त्या दिवशीची तपासा, पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं. परतीची तिकिटं आधीच काढून ठेवा. गाडीची वेळ ठरलेली असली की तिसऱ्या ठिकाणाचा प्रश्न आपोआप मिटतो. डब्यात आवाज चढवू नका, रेल्वेत दारू पिऊन दंगा करणं हासुद्धा वेगळा गुन्हा आहे.

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी दुपारी गेलात तर गर्दी नसते आणि टाक्यांजवळ कुणीतरी बोलायला मोकळं सापडतं. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी उघडं आहे का आणि टॅपवर काय आहे ते विचारा.

मिठबावची_सून

आणि तिथल्या ब्रूअरला कोकमाबद्दल नक्की विचारा! पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घालून कोकमाची एल केली होती, सॉल्टेड कोकम एल. आमसुलं आपल्या अंगणात वाळतात आणि बिअर पुण्यात होते. तुमची बाग आहे म्हणालात ना? रातांबे असतील तर मोसमात थोडे सोबत न्या, ब्रूअरच्या हातात ठेवा. बिअर आणायला बंदी आहे, रातांबे न्यायला नाही.

बागायतदार_कुडाळ

रातांब्याची आठ झाडं आहेत. मे महिन्यातला बुधवार धरतोय. मेडिकलवाला म्हणतो, मग निदान दोन्ही ठिकाणी पाटी दोन-दोन वेळा.