‘समावेशन’, ‘सामावून घेणे’ आणि शेजारणीची वाटी

मूळ प्रश्न

सध्या एका पाहणीच्या प्रश्नावलीचं मराठी करते आहे. मुंबईतल्या वेगवेगळ्या वस्त्यांत बाहेरून राहायला आलेल्या माणसांना तिथली जुनी माणसं कितपत सामावून घेतात, हे त्या पाहणीतून शोधायचं आहे. पहिला प्रश्न मी मोठ्या विश्वासाने असा लिहिला होता: ‘आपल्या वस्तीत स्थलांतरितांचे समावेशन कितपत होते?’ चाचणीसाठी वरळीच्या एका चाळीत गेलो आणि तिथल्या सत्तरीच्या काकूंना तो वाचून दाखवला. काकूंनी दोनदा ऐकला आणि विचारलं, “म्हणजे शाळेत नाव घालतात ते का?”

मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “काकू, मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं की तुम्ही काय करता?” त्या अर्धा तास बोलल्या. पाण्याची वेळ कोणी सांगायची, पिंप कुठे ठेवायला द्यायचं, गॅलरीतली कुठली दोरी कोणाची, सगळं. शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत करायची नसते, निदान चमचाभर साखर तरी घालायची. नव्याने आलेल्या तीन बायकांची वाटी किती दिवसांनी परत आली आणि तिच्यात काय होतं, हे काकूंना आजही आठवत होतं. एकीच्या वाटीत इडलीचं पीठ होतं.

मला हवी असलेली माहिती त्या अर्ध्या तासात होती आणि माझ्या प्रश्नात तिचा मागमूस नव्हता. म्हणून इथे विचारते आहे. या विषयावर लोकांशी बोलायचं तर मराठीत कुठले शब्द घ्यावेत?

माझं आतापर्यंतचं निरीक्षण सांगते. आपले रोजचे शब्द पाहा: रुळणे, मिसळणे, रुजणे, जुळवून घेणे. या सगळ्यांचा कर्ता नवा आलेला माणूस आहे. ‘तो रुळला’, ‘ती मिसळली नाही’. दुधात साखर विरघळल्याची पारशांची गोष्ट आपण सगळे सांगतो, तिच्यातही वचन देणारा येणाराच आहे. दुधाने काय केलं हे कोणी विचारत नाही. आणि आमची पाहणी तर नेमकी दुधाची आहे. म्हणजे ज्या क्रियापदाचा कर्ता जुना रहिवासी असेल, असं क्रियापद मला हवं आहे.

प्रतिसाद १

‘समावेशन’ला इतकं नाकारू नका. वित्तीय समावेशन, समावेशक शिक्षण हे शब्द आता शासकीय मराठीत पक्के झाले आहेत. अहवालाच्या शीर्षकात तोच शोभेल.

मूळ लेखिका

मान्य. अहवालात राहू दे, प्रश्नात नको. अहवाल वाचणारा आणि प्रश्न ऐकणारा वेगळा असतो. शिवाय ‘समावेशन होते’ म्हटलं की करणारा गायब होतो. ‘सामावून घेता का?’ म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

प्रतिसाद २

माणसाला काय म्हणणार, तेही ठरवा. ‘आप्रवासी’ म्हणजे दुसऱ्या देशातून इथे आलेला, तो तुमच्या पाहणीत बहुधा नाही. ‘परप्रांतीय’ शब्दाला मुंबईत राजकारणाचा इतका वास आहे की तो उच्चारला की उत्तर आधीच ठरतं. २०२० च्या टाळेबंदीत काही बातम्यांमध्ये ‘प्रवासी मजूर’ असं हिंदीतून जसंच्या तसं आलं. मराठीत प्रवासी म्हणजे गाडीत बसलेला माणूस. ‘स्थलांतरित’ बरोबर आहे, पण तो जनगणनेच्या तक्त्यातला शब्द, कोणी स्वतःला तसं म्हणत नाही.

मूळ लेखिका

अगदी. त्यात आणखी एक गोष्ट आहे. जनगणनेत स्थलांतराचं कारणही विचारतात आणि देशात सर्वाधिक स्थलांतर लग्नामुळे होतं, अर्थात बायकांचं. म्हणजे ‘नवख्या घरात माणूस कसा सामावतो’ या विषयावर मराठीत शतकानुशतकं विचार झालेला आहे, फक्त तो सासर-माहेरच्या शब्दांत आहे. त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘नांदणे’. नुसतं राहणं वेगळं, नांदणं वेगळं. आणि त्याचं प्रयोजक रूपही जिवंत आहे: ‘नांदवणे’. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात ‘तो तिला नांदवत नाही’ हे वाक्य सहज कानावर पडतं. घरात जागा देऊनही न नांदवणं शक्य असतं, ही जाण त्या एका शब्दात आहे. प्रश्नावलीत तो चालणार नाही, लग्नाचा अर्थ लगेच चिकटतो. पण मी शोधत होते ते क्रियापद हेच. जबाबदारी पूर्णपणे यजमानावर टाकणारं.

प्रतिसाद ३

‘उपरा’ शब्दाचाही विचार करा. मराठेशाहीत गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी बाहेरून येऊन कसणारा, हक्क नसलेला. उपरी गावात राहत होता, राबत होता, तरी त्याचं नातं जमीन कसायला मिळाली तेवढ्या मुदतीपुरतंच. आज ‘मला उपरं वाटतं’ म्हणतो तेव्हा आपण तीच जुनी वर्गवारी बोलत असतो.

मूळ लेखिका

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. मुंबईत त्याच जोडीला आजची नावं आहेत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० या तारखेपूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागलं. त्यामुळे वस्त्यांमध्ये ‘पंच्याण्णवचा पुरावा’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुजला. माणूस कधी आला, यावर तो आपला की नाही हे ठरतं.

प्रतिसाद ४

माझा जन्म जोगेश्वरीचा, शाळा मराठी. आजोबा आझमगडहून गिरणीत कामाला आले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही मला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतो. माझ्या मराठी मित्रालाही ‘गाव कुठलं?’ विचारतात. तो म्हणतो कुडाळ, आणि पुढच्या मिनिटाला कोणाचा तरी मामा निघतो. माझ्या उत्तरानंतर मात्र बोलणं थांबतं. शब्द तेच असतात, त्याला ओळख काढायला विचारतात, मला जागा दाखवायला. तुमच्या पाहणीत हे कसं पकडणार?

मूळ लेखिका

तुमचा प्रतिसाद मी कालपासून चार वेळा वाचला. हे ‘हो’ किंवा ‘नाही’त पकडता येत नाही, हे खरं. ‘तुम्ही परक्यांशी चांगलं वागता का?’ विचारलं तर सगळेच हो म्हणतात. म्हणून या क्षेत्रातले लोक कृती विचारतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये सामाजिक अंतराची मोजपट्टी मांडली. अमुक समाजाच्या माणसाशी सोयरीक कराल का, मैत्री कराल का, शेजारी चालेल का, कामावर सोबत चालेल का, अशी पायरी-पायरीने खाली उतरणारी. ती वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्याला ठाऊक आहे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. आपल्या समाजाने या मोजपट्टीचा वापर माणसांना दूर ठेवायला केला, हे विसरता येत नाही. पण मोजायला ती नेमकी आहे.

देशांच्या पातळीवर ‘मिपेक्स’ नावाचा, दुसऱ्या देशातून आलेल्यांसाठीची धोरणं मोजणारा निर्देशांक नोकरी, कुटुंबाला आणण्याची मुभा, शिक्षण, आरोग्य, राजकीय सहभाग, कायमचं वास्तव्य, नागरिकत्व आणि भेदभावविरोधी कायदे अशी ८ क्षेत्रं तपासतो. तिथे कागदावरचा हक्क मोजतात. देशातल्या देशात आलेल्या माणसाला कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेलाच आहे. मुंबई महापालिका ८ भाषांतून शाळाही चालवते. आपल्याला जे शोधायचं ते याच्या खालचं आहे: इमारतीच्या फाटकापाशी, एजंट ‘फॅमिली आहे का, नॉनव्हेज खाता का’ विचारतो त्या क्षणी.

म्हणून मी प्रश्न असे केले आहेत. ‘मंडळाची वर्गणी मागायला तुमच्याकडे येतात का?’ हा मला सगळ्यात आवडता. वर्गणीचा कंटाळा सगळ्यांना असतो, पण जिच्या दारावरून पोरं न थांबता पुढे जातात, ती कंटाळा करू शकत नाही. ‘हळदीकुंकवाला बोलावणं आलं का?’ हा प्रश्न मी काढला, तो सगळ्यांना लागू होत नाही आणि विधवांना आधीच वगळतो. त्याऐवजी ‘घरात कोणी आजारी पडलं तर रात्री कोणाचं दार वाजवाल?’

प्रतिसाद ५

‘बिऱ्हाड’ शब्द जपा. त्याला जात, प्रांत काही चिकटलेलं नाही.

मूळ लेखिका

जपलाच आहे. प्रश्नावलीत सगळीकडे ‘नवीन राहायला आलेलं बिऱ्हाड’ असंच लिहिलं आहे.

आता शेवटची अडचण, हिचा निकाल अजून लागलेला नाही. मी इथली आहे, ही जागा माझीही आहे, ही जी भावना, तिला मी ‘आपलेपणा’ लिहिलं. मग लक्षात आलं की उत्तर शब्दात नसून सर्वनामात आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आमची चाळ’ आणि ‘आपली चाळ’. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे, तमिळ-तेलुगूतही हा भेद आहे, म्हणजे मुंबईतल्या बऱ्याच माणसांना तो घरातूनच कळतो. हिंदीत दोन्हींना ‘हम’, त्यामुळे हिंदी प्रश्नावली करणारी सहकारी माझ्यासारखीच अडली आहे.

मी काकूंच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. इडलीचं पीठ आणणाऱ्या बाईंबद्दल बोलताना त्या म्हणाल्या होत्या, “पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, आपल्याकडे पाणी साडेचारला येतं.” मध्येच दुसऱ्या एका बिऱ्हाडाचा विषय निघाला, ते वर्षभरात सोडून गेलं. त्यांनाही काकूंनी पाण्याची वेळ सांगितली होती. “त्यांना म्हटलं, आमच्याकडे पाणी साडेचारला येतं बरं का.”