कासचे सगळे फोटो एकसारखेच दिसायला लागलेत. एडिटिंग चुकतंय की नजर?

गोडोलीकर:
नमस्कार मंडळी. कॅमेरा साधा, लेन्स सोबत आलेली तीच, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढतो. सप्टेंबर आला की पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जायचं, हे सहा वर्षं चाललंय. परवा पावसानं घरात अडकलो म्हणून जुने फोल्डर उघडले. २०१९ चा तेरडा आणि गेल्या वर्षीचा तेरडा शेजारी ठेवला, तर कुठला कुठला ते मलाच सांगता येईना. ढग काळेकुट्ट, गवत पोपटी, फुलं भडक. प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेलं एडिटिंग, एकच: डिहेझ (धुकं कमी करणारं) ३५, सॅच्युरेशन (रंग भडक करणारं) २०.

आईला दाखवला. ती कासच्या खालच्या गावातली. म्हणाली, "आरं, ह्यो तेरडा हाय का लग्नाच्या मांडवाचं कापड?"

त्यातला एक १२ बाय १८ छापून आणला, तर पाकळ्यांच्या जागी नुसता गुलाबी डाग. लॅबवाल्याशी वाद घातला. त्यानं शांतपणे माझीच फाईल मोठी करून दाखवली. डाग तिथंच होता.

तुम्ही नजर ताजी कशी ठेवता?

जांभा:
डागाचं सांगतो. तेरड्याच्या गुलाबीत लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, आधीच भरत आलेला असतो. त्यावर सॅच्युरेशन चढवलं की तो कापला जातो आणि पाकळीवरच्या शिरा, दव सगळं सपाट होतं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा असा सुटा बघायची सवय लाव. व्हायब्रन्सचा स्लायडर आधीच भडक असलेल्या रंगाला कमी ढकलतो, म्हणून तो बरा. पण इथं मी तेही केलं नसतं, मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) उलट १० नं खाली आणला असता. आणि रात्री दिवा मालवून, स्क्रीनचा उजेड फुल ठेवून बसतोस का? मग फोटो हमखास गडद करशील आणि छापल्यावर आणखी काळा येईल.

सडेकर:
डिहेझ ३५? भल्या माणसा, धुकं होतं म्हणून तर गाडी थांबवलीस, आणि घरी येऊन धुकंच पुसलंस!

मला स्लायडरमधलं फार कळत नाही. पण २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं, तेव्हापासून जो तो त्याच वाटेवर त्याच उंचीला ट्रायपॉड लावतो. एक वर्ष सप्टेंबर सोड. एप्रिलात जा. जांभ्या दगडावर माती नावालाच, त्यामुळं सडा, म्हणजे हे पठार, तेव्हा नुसता करडा कातळ आणि वाळकं गवत. ओढायला रंगच नसतो. मी एकदा आटलेल्या डबक्याच्या भेगाळलेल्या चिखलापाशी सकाळभर बसलो होतो. १६ फोटो काढले, दोन बरे आले. उन्हानं टाळकं मात्र तापलं.

पाटेश्वरी:
फोटो आरशासारखा उलटा करून बघा, दादा. कुठली बाजू जड झालीय ते झटकन कळतं. आणि काढल्या दिवशी एडिटला बसूच नका. त्या दिवशी आपण फोटो बघत नसतो, थंडी आणि चहा आठवत असतो.

गोडोलीकर:
२०१९ चा एक फोटो पार रीसेट करून बघितला. डाव्या कडेला, धुक्यात, निळ्या प्लास्टिकची खोळ घेतलेली बाई उभी आहे. निळा रंग फुलांच्या आड येतो म्हणून मी तिला हील ब्रशनं पुसलं होतं. मला आठवतही नव्हतं.

आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती. फुलांबद्दल काही बोलली नाही. "ही आपल्या तिकडचीच दिसती. डोक्यावर काय हाय रं तिच्या, भारा का?" भाराच आहे, गवताचा.

डिहेझ शून्य केलंय, मॅजेंटा उणे आठ. आता तो निळा थोडा मवाळ करू की आहे तसाच ठेवू?

जांभा:
हात लावू नकोस. आधी रॉ पाठव.