मदत हवी आहे : कथेतल्या यल्लाप्पाचं नाव बदलू का?

मंडळी, मी वडगावचा, बेळगाव. पहिलीच दीर्घकथा लिहून झाली आहे, गाडी अडली आहे एका नावापाशी.

कथेतला भिशी चालवणारा माणूस दिवाळीच्या तोंडावर पैसे घेऊन गोव्याला पळतो. त्याचं नाव यल्लाप्पा. खरा यल्लाप्पा माझा लहानपणचा दोस्त. (आमच्याकडे हे नाव गल्लीगल्लीत आहे, म्हणून बिनधास्त लिहितोय.) भिशीशी त्याचा काडीचा संबंध नाही. यंत्रमागांच्या खटखटाटात हाक ऐकू जायची नाही, म्हणून तो खिडकीच्या गजावर विटी आपटायचा आणि विचारायचा, "काय करूलास?" ते तसंच कथेत आलंय. पळणारा माणूस वाचकाला आवडायला हवा होता, आणि आवडणारा म्हटलं की मला हाच आठवतो. पंचाईत तिथंच झाली.

पुण्याच्या मैत्रिणीनं कच्चा खर्डा वाचून विचारलं, "हा कानडी ना? मग घरात मराठी कसा बोलतो?" आता हिला काय सांगू! सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालेली पोरं इथं मराठी घरांतही यल्लाप्पा, यल्लुबाई होतात. कल्लाप्पा, निंगाप्पासुद्धा मराठी घरांत सापडतील. कानडी कागदावर ‘यल्लप्प’, घरात यल्लाप्पा, गल्लीत यल्ल्या. ‘राहुल’ केलं तर हे सगळंच जातं. तळटीप मात्र द्यायची नाही.

खरी काळजी वेगळीच. त्याची आई अजून मागच्या गल्लीत राहते. मी गेलो की न विचारता चहा ठेवते. कथा छापून आली तर कुणीतरी काकूंना वाचून दाखवणारच. तो स्वतः हसून सोडेल, त्याचं काही नाही.

नाव ठेवून गल्ली आणि धंदा बदलला तर भागेल का? की काकूंना आधीच सांगावं? तुमच्यापैकी कुणी असं जाऊन सांगितलंय का?

प्रतिसाद :
नाव राहू दे, विटी काढ. यल्लाप्पा पन्नास असतील, गजावर विटी आपटणारा एकच. काकू ओळखतील त्या त्यावरून. आणि कानडी-मराठीचं म्हणशील तर आईच्या तोंडी एकदा "यल्लम्मानं दिलेलं पोर" एवढं घाल. झालं काम.

धागाकर्ता :
दुसरं लगेच करतो. पण विटी काढली तर त्याच्यातलं उरतं काय?