भामरागडच्या बाईला पुण्याइतकंच द्यायचं, की जास्त?

पर्लकोटाकाठ : २०२० चे बालमृत्यूचे सरकारी आकडे बघत होतो. हजार जन्मांमागे केरळ ६, मध्य प्रदेश ४३, देश २८, महाराष्ट्र १६. लगेच पाठ थोपटून घेतो आपण. पण हा १६ म्हणजे पुणे आणि गडचिरोलीतलं भामरागड एकाच पातेल्यात ढवळलेले. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं. कळा सुरू झालेल्या बाईला खाटेवर घालून चार माणसं नाला ओलांडतात, १०८ ची ॲम्ब्युलन्स पलीकडे उभी. आरोग्यावर माणशी सारखा खर्च हाच अन्याय आहे. तिथे दुप्पट-तिप्पट द्या.

हिशेबनीस : निकषात जास्तच आहे की! प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजार लोकांमागे, आदिवासी भागात २० हजारांमागे. उपकेंद्र ५ हजारांऐवजी ३ हजारांमागे. खोट पैशाची नाही, तिथे माणूस टिकत नाही. रिकाम्या क्वार्टरला आणखी रंग देऊन काय होणार? महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पेशंट नागपूरला हलवा.

पर्लकोटाकाठ : न्यूमोनिया झालेलं दोन किलोचं पोर नागपूरपर्यंत पोचेल का हो? योजनेचं कार्ड दवाखान्याच्या दारात चालतं, नाल्यात नाही.

डोंबिवली_फास्ट : डॉक्टरांना खेड्यात सेवेच्या बाँडची सक्ती करा. सरकारी कॉलेजात शिकता ना? मग जा खेड्यात.

बाँडवाला : गेलो होतो, पूर्ण वर्ष काढलं. भूल देणारा नाही, रक्ताची पिशवी नाही. सिझेरियन काय टॉर्चच्या उजेडात करायचं? चिठ्ठी लिहून पुढे पाठवत राहिलो. सक्तीने डॉक्टर पोचतो, ऑपरेशन थिएटर पोचत नाही.

गोवंडीकर : नुसतं जंगल-जंगल करू नका. आमच्याकडे मोठी हॉस्पिटलं रिक्षाच्या अंतरावर आहेत, तरी गल्लीगल्लीत टीबी. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, खिडकी नाही. इथे अंतर कुठलं मोजणार?

धानोऱ्याची_आशा : मी आशा आहे, गावची आरोग्य सेविका. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळ झोळीत घालून काट्याला लावते, ताप बघते, मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा वर गेला की पळापळ. या सहा फेऱ्यांचे २५० रुपये. ही पद्धत आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातली. डॉ. अभय आणि राणी बंगांनी ३९ गावांत गावच्याच बायका शिकवून केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तुमचं ते दुप्पट-तिप्पट आमच्यापर्यंत कधी येणार तेवढं सांगा.

हिशेबनीस : ताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्या ३९ गावांमागे एक अख्खी संस्था उभी होती. चूक झाली की पाठीशी येऊन दाखवणारी माणसं होती. सरकारने पिशवी आणि काटा उचलला, देखरेख तिथेच राहिली. म्हणूनच म्हणतो, नुसता पैसा ओतून भागत नाही.

धानोऱ्याची_आशा : साहेब, देखरेख करणाऱ्याला पगार द्यायचा, तो पैसाच ना?

हिशेबनीस : तेवढ्यापुरतं मान्य. दुप्पट-तिप्पट मात्र नाही.