ट्यूब ॲम्पचा आवाज बसला की लगेच ट्यूब बदलायची? मला नाही पटत

तारछेड:
ट्यूबवर (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या गिटार ॲम्पचा आवाज बसला किंवा घरघर लागली की दुकानदारापासून बँडमधल्या ड्रमरपर्यंत सगळ्यांचं एकच औषध: "ट्यूब बदल." माझं म्हणणं, पाकिटाला हात घालायच्या आधी जरा कान लावा.

माझा ॲम्प ४० वॉटचा. पॉवरला (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) दोन ६एल६ ट्यूब, प्रीॲम्पला (गिटारचा बारीक सिग्नल आधी मोठा करणाऱ्या भागाला) तीन १२एएक्स७ ट्यूब. वाजवता वाजवता आवाज एकदम खाली जायचा आणि जोरात कॉर्ड मारली की परत यायचा. सल्ला अर्थातच पॉवर ट्यूबची जोडी बदलायचा. मी मागच्या 'प्रीॲम्प आउट' आणि 'पॉवर ॲम्प इन' या दोन जॅकमध्ये वीतभर पॅच केबल लावली. आवाज जागेवर! या जॅकमध्ये काही खोचलेलं नसतं तेव्हा सिग्नल आतल्या पत्तीवरून पुढे जातो, आणि मुंबईच्या दमट हवेत ती पत्ती काळी पडते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आतबाहेर केला, विषय संपला.

घरघरीचंही तेच. व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर गेली तर दोष नॉबच्या अलीकडे: गिटार, केबल, पहिली ट्यूब. तशीच राहिली तर पलीकडे.

सोल्डरकर:
असहमत. ट्यूब सॉकेटमध्ये बसवतात ती झिजते म्हणूनच. प्रीॲम्प ट्यूबला बायस (ट्यूबमधला करंट ठरवणारं व्होल्टेज) लावावा लागत नाही, बहुतेक ॲम्पमध्ये मागून हात घालून ती काढता येते. एक चांगली १२एएक्स७ जवळ ठेवायची, ॲम्प बंद करून गार झाला की एकेका सॉकेटात लावून बघायची. जिथे दोष गेला तिथली जुनी ट्यूब गेली, इतकं सोपं. पेन्सिलीने ट्यूबवर टकटक केल्यावर स्पीकरमधून टणटण आलं, तर ती मायक्रोफोनिक.

तुमच्या 'निदाना'च्या नादाने पोरं खोका उघडतात, त्याचं काय? फिल्टर कपॅसिटरवर (वीज साठवून तिचे चढउतार कमी करणाऱ्या भागावर) ४०० व्होल्ट सहज असतात आणि प्लग काढल्यावरही टिकून राहू शकतात. ट्यूब बदलताना कोणी मरत नाही.

तारछेड:
खोका उघडा असं मी कुठे म्हटलं? पॅच केबल बाहेरूनच लागते. आणि प्रीॲम्प ट्यूबचं मान्य, पण लोक पॉवर ट्यूबची जोडीच बदलायला लावतात ना. आतला कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्याकडे फक्त सिग्नल सोडणारा भाग) गळत असेल तर त्या ट्यूबचा बायस ढासळतो आणि तिच्या आतली धातूची प्लेट तापून लाल होते. नवी जोडी घातलीत तरी तीही लालच होणार. महागडी जोडी, तीही आयात केलेली!

रेडिओकाका:
दोघेही घरघर म्हणताय, पण कुठली ते कोणी ऐकतच नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झ. घरघर साधारण त्याच सुरात असेल तर ती रेक्टिफायरनंतरची (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरची) १०० हर्ट्झची: फिल्टर कपॅसिटर वाळले असतील किंवा पॉवर ट्यूबची जोडी विजोड झाली असेल. (म्हणजे ट्यूबवाल्यांचंही थोडं खरं.) त्याच्या एक सप्तक खाली असेल तर हीटरचं (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचं) वायरिंग किंवा अर्थिंग बघा. वीस वर्षांच्या ॲम्पमध्ये मी आधी कपॅसिटरवरच संशय घेईन.

आणि घरघर जाते म्हणून अर्थची पिन तोडणाऱ्यांनो, तारांना हात तुमचा असतो हे लक्षात ठेवा.

सोल्डरकर:
काका, +१. पण शिकाऊ पोराला १०० हर्ट्झ कुठून ओळखू येणार? स्पेअर ट्यूब त्याला आज मिळते.

तारछेड:
गिटार वाजवतो आणि सूर ओळखता येत नाही? मग ॲम्प दुरुस्त करून तरी काय उपयोग :)

बेसवाली:
भांडण छान चाललंय, पण माझं सांगा. अर्ध्या तासाने ॲम्प तापला की आवाज बसतो, गार झाला की ठीक. पॅच केबल लावून पाहिली, काही फरक नाही.

सोल्डरकर:
तापल्यावरच होतंय म्हणजे बहुधा ट्यूब सॉकेटचं सोल्डर तडकलंय. आधी स्पेअर ट्यूब फिरवून बघा. नाही गेलं तर मेकॅनिककडे न्या, आणि ॲम्प चालू असताना लाकडी काडीने सांधे हलवून बघायला सांगा.

तारछेड:
यावेळी सोल्डरकरांशी सहमत. फक्त मेकॅनिकने थेट "जोडी बदलू" म्हटलं तर ॲम्प उचलून परत या.