मदत हवी आहे : संमोहन उपचार थांबवण्याची वेळ आली, हे क्लायंटला कसे सांगावे?

नमस्कार. मी नाशिकमध्ये सात वर्षे संमोहन उपचारक म्हणून काम करीत आहे. पहिल्या भेटीत मी संमोहन करीतच नाही. संमोहनात माणूस झोपत नाही, त्याचा स्वतःवरचा ताबा जात नाही आणि त्या अवस्थेत आठवलेली प्रत्येक गोष्ट खरोखर घडलेली असतेच असे नाही, हे नीट समजावण्यात तो तास जातो, आणि विश्वास तिथेच जुळतो, असा माझा अनुभव आहे.

अडचण शेवटी येते. परीक्षेच्या भीतीसाठी आलेल्या एका ताईंची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) भीती सहा सत्रांत बरीच ओसरली, त्यांना स्वसंमोहनही शिकवले. तरीही ‘तुमचा आवाज ऐकल्याशिवाय शांत वाटत नाही’ असे म्हणून त्या दर आठवड्याला येतात. अवलंबित्व वाढेल म्हणून मी माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण त्यांना दिलेले नाही. सत्रांमधले अंतर हळूहळू वाढवावे, की शेवटच्या भेटीची तारीख त्यांच्याशी बोलून आधीच ठरवावी? त्यांना झिडकारल्यासारखे वाटू नये, हीच माझी मोठी काळजी आहे. समुपदेशनात असे प्रसंग हाताळलेल्यांनी हा विषय नेमक्या कोणत्या शब्दांत काढला, ते कृपया सांगावे.